ठाण्यात बसून १९७६ चा ब्रिटिश शनिवार-रविवार कसा बघायचा

एखादी जुनी ब्रिटिश मालिका बघायची असेल तर ती लावावी आणि बघावी, त्यासाठी कुणाच्या सल्ल्याची गरज नाही. मी सांगतोय ते काम वेगळं आहे. एका ठरावीक तारखेचा अख्खा शनिवार आणि अख्खा रविवार, तिकडे टीव्हीवर ज्या क्रमाने आणि ज्या वेळेला लागला, त्याच क्रमाने आणि त्याच वेळेला आपल्या घरात लावायचा. आम्ही चरईतल्या आमच्या घरी हे करतो. माझा धंदा टीव्ही दुरुस्तीचा. माझी आत्या १९७१ साली नर्स म्हणून लंडनला गेली, तिकडूनच निवृत्त झाली आणि आता आमच्याकडे राहते. तिच्यासाठी हे सुरू केलं, पण हल्ली बिल्डिंगमधली बरीच मंडळी शनिवारी येऊन बसतात.

गाजलेले कार्यक्रम निवडून एकामागोमाग लावू नका, एवढा माझा एक आग्रह आहे. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये तीनच चॅनेल होती: बीबीसी १, बीबीसी २ आणि आयटीव्ही. व्हिडिओ रेकॉर्डर घरोघरी आलेले नव्हते. आवडीचा कार्यक्रम सहा वाजता असेल तर सहापर्यंत थांबायचं, आणि तोवर जे लागलं असेल ते बघायचं. त्या थांबण्यात, कंटाळ्यात आणि खोलीतल्या गप्पांतच सगळी मजा होती. आपल्याकडेही शनिवारच्या मराठी पिक्चरची वाट बघताना दूरदर्शनवर 'आमची माती आमची माणसं' लागलं की शेती नसलेली माणसंसुद्धा खतांची माहिती ऐकत बसायची. कंटाळवाणा भाग कापून टाकला तर मागे उरतो तो नुसता तुकड्यांचा कार्यक्रम.

आधी माणूस, मग तारीख

घरात किंवा ओळखीत त्या काळी तिकडे राहिलेलं कुणी असेल तर पहिल्यांदा त्यांच्याशी बोला. "कोणते कार्यक्रम आवडायचे?" असं विचारू नका, कारण उत्तरात सगळ्यांना माहीत असलेली चार नावं येतात. "शनिवारी संध्याकाळी कुठे बसायचात? टीव्ही कुणाचा होता? चहा कोण करायचं?" असं विचारा. आत्याला मी हे विचारलं तेव्हा तिने पहिल्यांदा टीव्हीच्या पेटीला लावलेल्या नाण्यांच्या डब्याचं सांगितलं. तिकडे बहुतेक लोक टीव्ही विकत न घेता भाड्याने घ्यायचे, आणि काही भाड्याच्या खोल्यांत टीव्हीला मीटर असायचा. नाणं टाकलं की ठरावीक वेळ चालणार, वेळ संपली की पडदा काळा. "अरे, कुस्ती ऐन रंगात आली की हमखास बंद पडायचा. मग चौघींच्या पर्स उलट्या करून नाणं शोधायचं." एवढ्या एका उत्तरातून मला वार कळला, वेळ कळली, चॅनेलही कळलं. शनिवार, चार वाजता, आयटीव्ही.

असं माणूस नसेल तर तारीख आपली आपण निवडावी. आम्ही पहिल्यांदा निवडली २ आणि ३ ऑक्टोबर १९७६. २ ऑक्टोबरला आपल्याकडे गांधी जयंती, मुंबई दूरदर्शनचा वाढदिवसही तोच (केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला), आणि १९७६ साली ही तारीख शनिवारी आली होती. पुढचं सगळं मी याच तारखांना धरून सांगतो.

कार्यक्रमपत्रिका कुठे मिळते

बीबीसीपुरतं काम सोपं आहे. 'रेडिओ टाइम्स' या त्यांच्या साप्ताहिकात छापलेल्या कार्यक्रमपत्रिका बीबीसीने 'जीनोम' नावाच्या संकेतस्थळावर घातल्या आहेत, १९२३ पासून २००९ पर्यंतच्या. फुकट आहे आणि भारतातून उघडतं. वर्ष, तारीख आणि चॅनेल निवडलं की त्या दिवसाची यादी वेळेसकट समोर येते. बीबीसी १ च्या प्रादेशिक आवृत्त्या होत्या, त्यातली लंडनची घ्या. एक लक्षात ठेवा, ही छापील पत्रिका आहे. अंक छापून झाल्यावर जे बदललं ते तिच्यात नसतं. २३ नोव्हेंबर १९६३ चा शनिवार काढलात तर आदल्या दिवशी झालेल्या केनेडींच्या हत्येचा त्या पानावर मागमूसही दिसणार नाही.

आयटीव्हीसाठी कष्ट आहेत. त्यांचे कार्यक्रम 'टीव्ही टाइम्स' या वेगळ्या साप्ताहिकात यायचे. १ मार्च १९९१ पर्यंत आठवड्याची पत्रिका छापायचा हक्क ज्याचा त्यालाच होता, त्यामुळे पूर्ण आठवडा हवा असेल तर दोन साप्ताहिकं घ्यावी लागायची. आत्या आणि तिच्या खोलीतली केरळची मैत्रीण एकेक घ्यायच्या. आज आपल्याला जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांच्या डिजिटल संग्रहात त्या त्या दिवसाचं पान शोधावं लागतं. बहुतेक संग्रहांना वर्गणी आहे, पण एका महिन्याची भरून तीन-चार वीकेंडची पानं उतरवून घेता येतात.

आयटीव्ही म्हणजे एक कंपनी नव्हती, हे समजून घेतल्याशिवाय यादी करायला बसू नका. प्रत्येक विभागाची कंपनी वेगळी, आणि लंडनला तर दोन. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळपर्यंत 'थेम्स', आणि शुक्रवारी सात वाजता 'लंडन वीकेंड टेलिव्हिजन' ताबा घ्यायचं ते रविवारी रात्रीपर्यंत. ही विभागणी १९६८ पासूनची. त्यामुळे लंडनचा वीकेंड आणि बर्मिंगहॅमचा वीकेंड सारखा नसायचा. मुलांसाठीचा 'टिसवॉस' हा धुमाकूळ १९७४ साली मिडलंड्समध्ये सुरू झाला, पण १९७६ च्या लंडनमध्ये तो दिसत नव्हता. आमच्याकडच्या एका काकांनी तो लावायचा हट्ट धरला होता. आत्याने सरळ सांगितलं, "आमच्याकडे लागायचा नाही तो." तिथे चर्चा संपली. शहर एकदा ठरलं की त्यालाच चिकटून राहायचं.

टीव्ही कोणता आणि कसा जोडायचा

हे माझ्या धंद्याचं, म्हणून जरा सविस्तर.

त्या काळचं चित्र पिक्चर ट्यूबसाठी बनवलेलं आहे. नव्या पातळ टीव्हीवर ते दिसतं, पण तसं दिसत नाही. जुना ट्यूबवाला रंगीत टीव्ही अजून मिळतो. आपल्याच माळ्यावर, नातेवाइकांकडे, नाहीतर भंगारवाल्याकडे. घेताना तो चालू करून दहा मिनिटं बघा. मागे पिवळी-पांढरी एव्ही पिन लावायची जागा हवीच, नुसत्या अँटेनाच्या भोकावर काम वाढतं. चित्राच्या कोपऱ्यात हिरवे-जांभळे डाग दिसले तर घाबरू नका, शेजारी मोठा स्पीकर असला की ट्यूब मॅग्नेट होते. स्पीकर लांब करा, टीव्ही मेन स्विचने बंद करून अर्धा तास गार होऊ द्या, पुन्हा चालू करा. असं दोन-तीनदा केलं की आतली कॉइल डाग घालवते. मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढलेला असला तरी ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात. ते काम माहितगाराचं.

नशिबाने ब्रिटनचा आणि आपला रंगीत टीव्ही एकाच पद्धतीचा, पाल, ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं. त्यामुळे तिकडची डीव्हीडी आपल्या जुन्या टीव्हीवर अगदी बरोबर दिसते. अडचण येते ती रीजनची, म्हणजे डिस्क जगाच्या ज्या भागात विकायची त्या भागाच्या क्रमांकाची. ब्रिटनची डीव्हीडी रीजन २ ची, भारताची रीजन ५ ची. रीजनला बांधलेला प्लेयर ती डिस्क परत बाहेर ढकलतो. मल्टी-रीजन प्लेयर घ्या, किंवा असलेला प्लेयर रिमोटवरून मोकळा करता येतो का ते दुकानदाराला विचारा. लॅमिंग्टन रोडला हे पाच मिनिटांत करून देणारे लोक आहेत.

लॅपटॉपवरून लावणार असाल तर एचडीएमआय ते एव्ही असा छोटा डबा मिळतो. त्याच्या कडेला नखाने सरकवायचं एक बारीक बटण असतं, एका बाजूला पाल, दुसऱ्या बाजूला एनटीएससी ही अमेरिकेची पद्धत. डबा बहुतेक वेळा एनटीएससीवरच लावून येतो आणि आपल्या टीव्हीवर चित्र ब्लॅक अँड व्हाइट दिसतं किंवा वर वर पळत राहतं. लोक टीव्ही बिघडला समजून माझ्याकडे घेऊन येतात. ते बटण सरकवा, काम झालं.

ट्यूबवाला मिळालाच नाही तर नव्या टीव्हीच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी करा. चित्राचं माप ४:३ ठेवा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू देत. ताणलेल्या चित्रात सगळे लोक आडवे सुजलेले दिसतात. आणि हालचाल गुळगुळीत करणारं जे काही सेटिंग असेल ते बंद करा. तेव्हाच्या बीबीसी नाटकांत घरातले प्रसंग स्टुडिओत व्हिडिओवर आणि बाहेरचे १६ मिलिमीटर फिल्मवर घेतलेले असत. माणूस दारातून बाहेर पाऊल टाकतो आणि चित्राचा पोत बदलतो, आतलं लख्ख आणि तकतकीत, बाहेरचं दाणेदार आणि मऊ. हा फरक नीट दिसला पाहिजे. नवे टीव्ही तो पुसून टाकतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

घड्याळ आपलंच ठेवा

भारत ब्रिटनपेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास पुढे. तो हिशोब इथे लावू नका. तिकडे संध्याकाळी सहाला जे लागलं ते ठाण्यात संध्याकाळी सहालाच लावा. शनिवारची संध्याकाळ ही शनिवारच्या संध्याकाळीच बघायची असते. दिवेलागणीला, बाहेरून रिक्षांचा आवाज येत असताना, पोटात भुकेची सुरुवात झालेली असताना.

पत्रिका मोठ्या अक्षरात कागदावर लिहून टीव्हीशेजारी चिकटवा. दोन चॅनेलवर एकाच वेळी चांगलं काही असेल तर घरात मतदान घ्या आणि हरलेल्यांनी मुकाट बघा. मागे नेणं, थांबवणं, पुढे ढकलणं बंद. रिमोट कपाटात. कुणी स्वयंपाकघरात गेलं आणि प्रसंग चुकला, तर आल्यावर बाकीच्यांनी सांगायचा. आमच्याकडे सगळ्यात जास्त हसू याच सांगण्यात होतं.

शनिवार

सकाळी बीबीसी १ वर 'मल्टिकलर्ड स्वॅप शॉप'. हा कार्यक्रम नेमका २ ऑक्टोबर १९७६ लाच सुरू झाला. नोएल एडमंड्स स्टुडिओत, मुलं फोन करणार, माझ्याकडे हे खेळणं आहे, त्याच्या बदल्यात ते हवंय. फोन नंबर ०१-८११-८०५५, त्या पिढीतल्या ब्रिटिश माणसाला तो अजून पाठ असतो. पूर्ण भाग मिळणं कठीण आहे, तुकडे मिळतात. म्हणून आम्ही वीसेक मिनिटं तुकडे लावतो आणि उरलेला वेळ बिल्डिंगमधल्या मुलांना खरोखर अदलाबदल करायला बसवतो. पत्त्यांचा कॅट देऊन बुद्धिबळातला हरवलेला घोडा मिळवणारा मुलगा दिवसभर खूश होता.

दुपारी खेळ. बीबीसी १ वर 'ग्रँडस्टँड' (१९५८ ते २००७), आयटीव्हीवर 'वर्ल्ड ऑफ स्पोर्ट' (१९६५ ते १९८५). ही दुपार सगळ्यात लांब, आणि सगळं बघायची गरज नाही. घोड्यांच्या शर्यती, मग चार वाजता आयटीव्हीवर कुस्ती. बिग डॅडी, जायंट हेस्टॅक्स हे त्यातले नावाजलेले गडी. आपल्या मातीतल्या कुस्तीची सवय असलेल्याला हे नाटकी वाटेल, पण पहिल्या रांगेत बसलेल्या आज्यांकडे लक्ष द्या. त्या पर्स उगारून पैलवानाच्या अंगावर धावतात.

पावणेपाचच्या सुमारास मात्र बीबीसीवर यायचंच. तेव्हा लीगचे फुटबॉल सामने थेट दाखवत नसत. सामने तीनला सुरू होत आणि पावणेपाचच्या आत संपत, आणि निकाल टेलिप्रिंटरवर एकेक अक्षर करून पडद्यावर उमटत. संघाचं नाव, मग आकडा, मग दुसरं नाव, मग क्षणभर काहीच नाही, मग आकडा. त्यानंतर लेन मार्टिन सगळे निकाल वाचायचा. १९५८ पासून १९९५ पर्यंत हे काम त्यानेच केलं. दुसऱ्या संघाचं नाव तो ज्या सुरात घेई त्यावरून पुढचा आकडा ओळखता यायचा. बरोबरी असेल तर सूर सपाट, पाहुणा संघ हरला असेल तर आवाज खाली उतरायचा. लाखो घरांत तेव्हा फुटबॉल पूल्सचं, म्हणजे सामन्यांच्या निकालांवर लावायच्या पैजेचं, कूपन हातात धरून लोक बसलेले, कुठले सामने बरोबरीत सुटले ते टिपत. या निकालांच्या चित्रफिती मिळतात. आवाज लावा, पडदा झाका आणि दुसरा आकडा घरच्यांना ओळखू द्या. इंग्रजी फारशी न समजणारी माझी सासूसुद्धा यात पटाईत झाली आहे.

मग पाव भाजायचा. आत्याच्या पद्धतीने टोस्टवर डब्यातले बीन्स, फक्त ती त्यावर कांदा-लसूण मसाला घालते आणि लंडनमध्येही घालायची. हे खाणं मांडीवर ताट घेऊन खायचं, कारण सहाच्या सुमाराला 'डॉक्टर हू' ही विज्ञानकथांची मालिका सुरू होते. २ ऑक्टोबर १९७६ ला 'द हँड ऑफ फिअर' या चार भागांच्या कथेचा पहिला भाग लागला. डॉक्टर म्हणजे टॉम बेकर, सोबत सारा जेन झालेली एलिझाबेथ स्लेडन. हीच तिची शेवटची कथा, २३ ऑक्टोबरच्या चौथ्या भागात ती निघून जाते. डीव्हीडी सहज मिळते. फक्त पहिला भागच लावा. चारही भाग एका बैठकीत बघणार असाल तर मग कशाला एवढा खटाटोप? पुढचा भाग पुढच्या शनिवारी. मुलं आठवडाभर जिन्यात भेटली की विचारत राहतात.

त्यानंतर ब्रूस फोर्सिथचा 'जनरेशन गेम'. एकाच कुटुंबातल्या दोन पिढ्यांची जोडी खेळायला येते, बाप-लेक, मावशी-भाचा. एखादा कारागीर काहीतरी करून दाखवतो आणि या लोकांनी ते तसंच करायचं. शेवटी सरकत्या पट्ट्यावरून बक्षिसाच्या वस्तू जातात आणि जेवढ्या आठवतील तेवढ्या जिंकणाऱ्याच्या. आम्ही हे टेबलावर चादर ओढून करतो. चादरीवर वाटी, टॉर्च, छत्री, घड्याळ, आणि शेवटी एक कापडी खेळणं, कारण तिकडेही ते हमखास असायचं.

त्या शरद ऋतूत शनिवारी 'द टू रॉनीज' हा दोन रॉनींचा विनोदी कार्यक्रमही लागायचा. हार्डवेअरच्या दुकानातला त्यांचा गाजलेला प्रवेश १८ सप्टेंबर १९७६ चा. काउंटरवरच्या माणसाला गिऱ्हाइकाचं प्रत्येक मागणं भलतंच ऐकू येतं आणि तो आत-बाहेर खेपा घालून घालून शेवटी हताश होतो. ज्याने गोखले रोडच्या आसपास सुट्या भागांचं दुकान चालवलंय त्याला तो प्रवेश बघताना काय होतं ते शब्दांत सांगता येणार नाही. रॉनी कॉर्बेटचा दुकानदार वस्तू काउंटरवर आपटत नाही, ठेवतो, आणि दर वेळी थोडी जास्त जोरात ठेवतो. हे लक्ष देऊन बघा, अभिनय तिथे आहे.

रात्रीचं नाटक होतं 'द डचेस ऑफ ड्यूक स्ट्रीट', स्वयंपाकीण ते हॉटेलची मालकीण असा एका बाईचा प्रवास, जेम्मा जोन्सचं काम अप्रतिम. मग फुटबॉलचा 'मॅच ऑफ द डे', आणि जागं राहवलं तर मायकेल पार्किन्सनच्या गप्पा.

जाहिराती, आणि चहा

आयटीव्ही लावणार असाल तर जाहिराती हव्यातच. तेव्हा तासाला सरासरी सहा मिनिटं जाहिरातींना परवानगी होती, म्हणून दोन-दोन मिनिटांचे तीन तुकडे करून मध्ये घाला. सत्तरच्या दशकातल्या जाहिराती स्वतंत्र मिळतात. उंच चढावरून सायकल ढकलत नेणारा होविस पावाचा मुलगा (१९७३, दिग्दर्शक रिडली स्कॉट), स्मॅश बटाट्याच्या भुकटीचे हसणारे मंगळवासी. जाहिराती लागल्या की तिकडे लाखो घरांत एकाच वेळी विजेच्या किटल्या चालू व्हायच्या आणि मागणी एकदम उसळायची, म्हणून वीज पुरवणारे लोक टीव्हीची पत्रिका बघून जनित्रांची तयारी ठेवायचे. चहा त्याच दोन मिनिटांत करायचा, असा आमच्याकडे नियम आहे.

जे बघवत नाही त्याचं काय

जुन्या पत्रिकेत अशा गोष्टी येणार. गोऱ्या गायकांनी तोंडाला काळं फासून केलेला 'ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो' बीबीसीवर १९५८ पासून चक्क १९७८ पर्यंत चालला. 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही विनोदी मालिका तर आपल्या देवळालीत घडते, आणि त्यातला रंगी राम हा बेअरर मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने रंग लावून केला आहे. आपल्याकडे लाडकी झालेली 'माइंड युवर लँग्वेज' ही लंडन वीकेंडचीच, १९७७ ची. १९७९ मध्ये तिथल्याच मायकेल ग्रेडने ती बंद केली, परदेशी लोकांची अशी ठोकळेबाज चित्रं बरी नव्हेत म्हणून. मी हे लपवत नाही आणि हसत हसत लावतही नाही. मुलं असतील तर आधी दोन वाक्यांत सांगतो. आत्याचं उत्तर जास्त सोपं आहे. "ते लागलं की आम्ही मुली उठून कपडे इस्त्री करायला जायचो." म्हणून आम्हीही तेवढा वेळ उठतो, आवाज चालू ठेवून.

रविवार

रविवार हळू आहे आणि तो हळूच राहू द्यावा.

सकाळी बीबीसीवर आपल्या लोकांसाठीचा कार्यक्रम. १० ऑक्टोबर १९६५ ला 'अपना ही घर समझिये' सुरू झाला, आणि १९६८ पासून १९८२ पर्यंत 'नई जिंदगी नया जीवन'. हिंदी-उर्दू मिसळलेली भाषा, बर्मिंगहॅमहून निर्मिती, महेंद्र कौल हा ओळखीचा चेहरा. कायद्याची माहिती, मुलाखती, आणि शेवटी गाणं. आत्या रात्रपाळी करून आली तरी त्या गाण्यासाठी जागी राहायची. मराठी शब्द त्यात कधी नव्हता, पण सतार ऐकू आली की खोलीतल्या सगळ्या गप्प व्हायच्या. भाग मिळणं फार अवघड आहे, म्हणून आम्ही त्या वेळेत तिला बोलायला सांगतो. अर्धा तास कमी पडतो.

दुपारी लंडन वीकेंडवर फुटबॉलचा 'द बिग मॅच', ब्रायन मूरचं निवेदन. त्याआधी बीबीसीवर शेतीचा कार्यक्रम. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास बीबीसी १ आणि आयटीव्ही धर्माकडे वळायची, तो तासभर त्यासाठीच राखलेला होता. बीबीसीवर 'साँग्ज ऑफ प्रेज' १ ऑक्टोबर १९६१ पासून सुरू आहे, वेगवेगळ्या गावांतल्या चर्चमधली भजनं. कुणाला कंटाळा येईल, पण गाणाऱ्यांचे साधे चेहरे कॅमेरा एकेक करून दाखवतो, आणि गावचा सप्ताह बघितलेल्या माणसाला ते परकं वाटत नाही. मग बीबीसी २ वर 'द वर्ल्ड अबाउट अस', निसर्ग आणि दूरचे देश. चर्चच्या प्रार्थनेला टीव्हीने केवढी टक्कर दिली याचं उदाहरण १९६८ मधलं. 'द फोर्साइट सागा' ही मालिका बीबीसी १ वर रविवारी संध्याकाळी पुन्हा लागली तेव्हा काही चर्चनी प्रार्थनेची वेळच बदलली.

रात्री बीबीसी १ बंद होताना राष्ट्रगीत वाजायचं, टीव्हीचा प्लग काढायची आठवण द्यायचे, आणि झोप लागलेल्याला जाग यावी म्हणून एकसुरी आवाज लावायचे. ही चित्रफीत मिळते, ती लावा आणि प्लग खरंच काढा.

मिळत नाही ते

बरंच मिळणार नाही. टेपा महाग होत्या, पुसून पुन्हा वापरल्या जात, आणि कलाकारांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. १९७८ पर्यंत बीबीसीत हे पुसणं चालू होतं. साठच्या दशकातल्या 'डॉक्टर हू'चे जवळजवळ शंभर भाग असेच गेले. नेमका भाग नसेल तर त्याच मालिकेतला त्याच महिन्यातला जवळचा भाग घ्या. तोही नसेल तर वेळ रिकामी सोडा, टेस्ट कार्ड एफ लावा, म्हणजे कार्यक्रम नसताना पडद्यावर ठेवायचं स्थिर चित्र. फळ्यावर फुली-गोळा खेळणारी मुलगी आणि विदूषक बाहुला असलेलं ते चित्र १९६७ पासूनचं. दुसऱ्या वर्षातला गाजलेला कार्यक्रम तिथे घुसवू नका. डीव्हीडींबद्दल एक सूचना: आयटीव्हीच्या जुन्या मालिका काढणारी 'नेटवर्क' ही कंपनी २०२३ मध्ये बंद झाली, त्यांच्या डिस्क आता वापरलेल्याच घ्याव्या लागतात. दिसल्या की घेऊन ठेवा. बीबीसीचा आयप्लेयर भारतातून चालत नाही, त्यात वेळ घालवू नका.

आणखी तारखा

१५ नोव्हेंबर १९६९ हा शनिवार रंग बघण्यासाठी. त्या दिवशी बीबीसी १ आणि आयटीव्ही रंगीत झाले, बीबीसी २ त्याआधी १ जुलै १९६७ ला झालं होतं. सकाळी टीव्हीचा रंग शून्यावर आणून ठेवा आणि लिव्हरपूल-वेस्ट हॅमच्या 'मॅच ऑफ द डे'ला हळूहळू चढवा. २५ डिसेंबर १९७७ चा नाताळ रविवारी आला होता, त्या रात्री मोरकम आणि वाइज या विनोदी जोडीला दोन कोटींहून जास्त लोकांनी बघितलं. लवकर झोपणाऱ्यांनी १९७३ चा डिसेंबर घ्यावा. इंधनटंचाईमुळे १७ डिसेंबरपासून साडेदहालाच चॅनेल बंद करायचा सरकारी हुकूम होता.

आणि २५ जून १९८३. लॉर्ड्सवरचा विश्वचषकाचा अंतिम सामना शनिवारीच होता. भारत १८३, वेस्ट इंडीज १४०, संघात गावस्कर, संदीप पाटील, बलविंदरसिंग संधू. सामन्याचं चित्रण मिळतं, त्यामुळे हा वीकेंड सगळ्यात सोपा. पण जमलं तर त्याच्या आदल्या शनिवारपासून सुरुवात करा, १८ जून, टनब्रिज वेल्स, झिंबाब्वेविरुद्ध. तिथे बीबीसीचे कॅमेरे नव्हते, त्या सामन्याचं चित्र कुठेच नाही. त्या वेळेत टीव्हीवर टेस्ट कार्ड ठेवा आणि धावफलक छापून एकाला मोठ्याने वाचायला बसवा. ५ बाद १७ पासून सुरू करा, कपिल देवच्या नाबाद १७५ पर्यंत या, किरमाणीबरोबरची नवव्या विकेटची १२६ धावांची अभंग भागी सावकाश घ्या, आणि ८ बाद २६६ वर चहा ठेवा.